थोरल्या साडूंचा जपानी किल्ला

जगातल्या सगळ्या इमारती आमच्या थोरल्या साडूंच्या लेखी दोनच प्रकारच्या आहेत: घेतलेल्या आणि घ्यायच्या राहिलेल्या. यात किल्ले आले हे तर झालंच, पण मंगल कार्यालयं आली, शाळा आल्या, दवाखाने आले आणि माझं स्वतःचं घरही आलं. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत नवीन घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला हे गृहस्थ पूजा सुरू व्हायच्या आधी तासभर येऊन घराभोवती फिरत होते. मी म्हटलं, किती हा जिव्हाळा, बांधकाम बघतायत. मग नैवेद्याच्या वेळी, भटजी, माझी आई आणि शेजारपाजारचे पंचवीस-तीस लोक यांच्यादेखत त्यांनी निकाल दिला, "साडू, घर झ्याक हाय. पर मागं पेरूचं झाड ठेवलंयसा, त्यावरनं माणूस सरळ गच्चीत उतरतोय. मला चार पोरं द्या, पंधरा मिण्टांत घर आमचं." माझ्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी पेरूची ती फांदी उतरवून घेतली.

नातं सांगायचं तर माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती त्यांना दिलेली. माहेर गडहिंग्लजचं. सासऱ्यांना दोन मुली आणि आम्ही दोन जावई, त्यामुळे सासुरवाडीला गेलं की आम्हा दोघांना एकाच खोलीत झोपायची आणि एकमेकांचं ऐकायची सक्ती होती. ऐकायची म्हणजे मला. साडू एका हायस्कूलमध्ये पी.टी.चे मास्तर होते आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहिलेल्या मुलाला "सावधान" म्हणायची त्यांच्या गळ्याला सवय. तोच गळा ते घरात मीठ मागायलाही वापरत. माझ्या कानाशी लागून त्यांनी एकदा गुपित म्हणून सासऱ्यांबद्दल काहीतरी सांगितलं, तर परसात भाकरी थापत असलेल्या सासूबाईंनी तिथूनच "तसं काय न्हाई हं जावईबापू" म्हणून उत्तर दिलं. साडूंच्या स्वतःच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायची पाळी क्वचितच यायची. अक्का बोलायची ती बहुधा भांड्यांशी, आणि त्यांची एकुलती एक पोरगी, सुजा, ती तर बोलायचीच नाही. पुस्तकात डोकं घालून बसायची. पाहुण्यांनी काही विचारलं तर तिच्या वतीनं उत्तर साडू द्यायचे.

नव्वदच्या सुमाराला आम्ही दोन्ही कुटुंबं पन्हाळ्याला गेलो होतो. झुणका-भाकरी, ठेचा, दही, सगळा सरंजाम घेऊन आम्ही एस.टी.नं वर गेलो. साडू पायथ्यालाच उतरले. "गाडीतनं किल्ल्यात जायाचं म्हंजे पावण्याच्या पाठीवर बसून त्याच्याच घरात जाण्यासारखं झालं," असं म्हणून ते एकटेच कड्याच्या बाजूनं नाहीसे झाले. किल्ला आधी शत्रूच्या नजरेनं बाहेरून बघायचा, कच्ची जागा हुडकायची, तिथून वर यायचं आणि मगच त्याला "बघितला" म्हणायचं, हा त्यांचा नेम. अडीच तासांनी ते तटापाशी उगवले. सदरा फाटलेला, कोपराला रक्त, डोक्यात काटेकुटे आणि चेहऱ्यावर असं समाधान की नुकतंच लग्न जमलंय. म्हणाले, "घेतला." झुणका तोवर संपला होता. कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खाताना त्यांनी आम्हाला किल्ल्याच्या रचनेतले सहा दोष सांगितले आणि एकाही दोषासाठी बांधणाऱ्याला माफ केलं नाही.

बँकेचा किस्सा तर मला आजही भोवतो. मी एका सहकारी बँकेत नोकरीला. आमच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला मी हौसेनं साडूंना बोलावलं. मंत्री यायला वेळ होता, तर हे फूटपाथवर उभे राहून खिडक्या मोजायला लागले, पावलं टाकून भिंतीची लांबी घेतली आणि शेवटी रखवालदाराला विचारलं, "तुमची पाळी कवा संपती वो पावणं?" रखवालदारानं त्यांना दंडाला धरून मॅनेजरसाहेबांपुढे उभं केलं. मला बोलावणं गेलं. मी ओळख सांगितली, साहेब ओशाळले, विषय मिटला असता. पण साडूंनी खुर्ची ओढली आणि मागच्या खिडकीची जाळी कशी काढायची ते साहेबांना इतकं सविस्तर समजावलं की साहेबांच्या हातातला चहा निवला. त्या खिडकीला पुढच्याच आठवड्यात दुहेरी जाळी बसली, आणि साहेब माझ्याकडे निवृत्त होईपर्यंत जरा संशयानंच बघत राहिले.

एवढा दरारा असलेला हा माणूस तरुणपणी पैलवान असणार असं कुणालाही वाटेल. कान थोडे मुडपलेले, मान अशी नाहीच. ते त्यांच्या पेठेतल्या तालमीत बारा वर्षं होते हे खरं, पण त्यांनी कुस्ती एकही मारली नाही हेही खरं. ते स्वतःच सांगतात. वस्तादांनी दोन-तीन जोड्या लावून बघितल्या आणि मग त्यांना मातीवर नेमलं. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, रोज पहाटे खणायची आणि कुस्त्या झाल्या की दाताळ्यानं ओढून सारखी करायची. या कामात मात्र त्यांचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. मातीत पाय टाकायच्या आधी ती कपाळाला लावायची, ही सवय त्यांना तिथे लागली ती लागलीच. शाळेच्या मैदानावर पाऊल टाकतानाही ते वाकायचे आणि मुलं मागे हसायची.

तर अशा माणसाच्या पोटची सुजा कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी जपानला धाडलं. दोनाची पाच झाली. मग एके दिवशी तिचा फोन आला की तिकडची कंपनी तिला कायमचं ठेवून घ्यायचं म्हणतेय आणि तिला ते आवडलंय. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं. इकडे अक्कानं इचलकरंजीचं एक स्थळ बघून ठेवलेलं. चांगली माणसं होती, तीही उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली. सुजानं आई-बाबांची दोन तिकिटं पाठवली, पण अक्काची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. म्हणून अक्काच्या तिकिटाऐवजी माझं निघालं. मला इंग्रजी येतं असा घरात समज होता. निघताना अक्कानं भडंगाचा डबा, चटणीची बरणी आणि हुकूम अशा तीन गोष्टी साडूंच्या हाती ठेवल्या. "येताना पोरीला घेऊनच या. एकटं आलासा तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई, सांगून ठेवतो." साडू म्हणाले, "आगं, त्यात काय. घेऊन आलो समज." मोहिमेवर निघाल्यासारखे निघाले.

तिथे पोचल्यावर चार दिवस त्यांनी विषयच काढला नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, सुजा आम्हाला आगगाडीनं दोन तासांवरच्या एका गावी जुना किल्ला दाखवायला घेऊन गेली. त्या किल्ल्याचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. पांढराशुभ्र, एकावर एक छपरं चढवलेला, खाली घडीव दगडांचा उभा जोता आणि सभोवार पाण्यानं भरलेला खंदक. स्टेशनातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या टोकाला तो दिसला मात्र, साडू जागच्या जागी थांबले. अंगात सुजानं घेतलेला जाड कोट, डोक्याला कानटोपी, पायात मोज्यांवर कोल्हापुरी चपला. म्हणाले, "तुम्ही तिकिटं काढा, मी आलो." आणि खंदकाच्या कडेकडेनं चालू लागले. मी आणि सुजा पावणेदोन तास दारात बसलो. मी म्हटलं, "बोलव की त्यांना." ती म्हणाली, "काका, राहू दे. असा किल्ला त्यांना परत कधी बाहेरून बघायला मिळणार?"

ते परत आले. खंदक ठीक आहे, बदकं नकोत, एवढंच म्हणाले. आत गेलो. एक दरवाजा लागला, रस्ता वळला. दुसरा लागला, रस्ता उलटा फिरला. बुरूज समोर दिसतोय आणि वाट तुम्हाला त्याच्यापासून लांब नेतेय, डोक्यावर भिंतीत तिकोनी, चौकोनी भोकं, प्रत्येकातून आपल्यावर नजर. साडूंची चाल मंद झाली. प्रत्येक वळणावर ते थांबायचे, मागे बघायचे, भोकाकडे बघायचे आणि मान हलवायचे. आत जाताना पायातलं काढून पिशवीत घालून हातात घ्यायचं होतं. चपलांची पिशवी छातीशी धरून, शिडीसारख्या उभ्या लाकडी जिन्यांवरून धापा टाकत ते पार वरच्या मजल्यावर गेले आणि चारी खिडक्यांतून खाली बघून आले. मग मला म्हणाले, "साडू, ह्यो बांधणारा लई बेकार माणूस हुता." त्यांच्या तोंडून कुणाचीही याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. थोड्या वेळानं हळूच, म्हणजे शेजारच्या दहा-बारा जणांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई घ्यायला यायचा ह्यो." उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

किल्ल्याला लागूनच बाग होती. तळं, तळ्यात हातहात लांब रंगीत मासे, शेवाळानं मऊ झालेले दगड, आणि म्हाताऱ्या पाइन झाडांच्या फांद्यांना खालून दिलेले लाकडी टेकू. एक माणूस शिडीवर बसून झाडाचं सुईसारखं एकेक पान निवडून काढत होता. साडू त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. आम्ही दोघं माशांपाशी रेंगाळलो तेवढ्यात ते पुढे गेले, आणि जे व्हायचं ते तिथे झालं. एका कुंपणापलीकडे पांढऱ्या वाळूचा मोठा चौक होता. वाळू दाताळ्यानं ओढून सारखी केलेली, रेघ न् रेघ दिसतेय, मध्ये दोन-तीन दगड. एका बाजूला लाकडी पडवी आणि पडवीत वीस-पंचवीस माणसं मांडी घालून, एक शब्द न बोलता त्या वाळूकडे बघत बसलेली. आता मला सांगा, कोल्हापूरच्या तालमीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला यातून दुसरं काय दिसणार? ओढलेली माती, कडेला बसलेले लोक आणि सगळे कुणाची तरी वाट बघतायत. साडूंनी चपला काढल्या. मोजे काढून चपलांत खोचले. वाकले, चिमूटभर वाळू कपाळाला लावली, चार पावलं टाकून मधोमध गेले आणि त्या बागेत पूर्वी कधी झाला नसेल असा आवाज झाला. साडूंनी शड्डू ठोकला होता.

मी आणि सुजा पळत आलो. पडवीतली माणसं उठून उभी राहिली होती, एका बाईनं तोंडावर हात धरला होता. साडू वाळूत उभे, सभोवार बघतायत, आणि पैलवान कुठून येणार ते त्यांना कळत नाही. एका कोपऱ्यातून निळा अंगरखा घातलेला एक म्हातारा माळी हातात लांब दाताळं घेऊन आला. मागोमाग गणवेशातला एक जण आला. आता या माणसाला परदेशात पोलीस नेणार, आणि अक्काला फोन मला करावा लागणार, या विचारानं मी गारठलो. पण तेवढ्यात सुजा पुढे झाली. कमरेत वाकली, पुन्हा वाकली आणि बोलायला लागली. गणवेशवाला रागानं काहीतरी म्हणाला, तिनं त्याचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि परत बोलली. खाली मान नाही, अडखळणं नाही. मध्ये एकदा पडवीतल्या लोकांकडे वळून तिनं त्यांनाही काही सांगितलं आणि त्यातली दोघंतिघं चक्क हसली. मी तिच्याकडे बघत होतो आणि साडूही बघत होते.

मग तिनं बापाला काय झालंय ते सांगितलं. ही बाग आहे, बाबा. लोक नुसतं बघायला येतात, बघून शांत होतात. साडूंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी आपली पावलं बघितली, ती वाळूत चांगली खोल उमटली होती. माळ्याकडे गेले, छातीवर हात ठेवला आणि त्याच्या दाताळ्याकडे बोट केलं. सुजा "बाबा, नको," म्हणतेय तोवर माळ्यानं दाताळं दिलंसुद्धा. साडूंनी ते हातात तोललं आणि मधून कडेला उलटं चालत, आपलंच पाऊल पुसत, ओढायला सुरुवात केली. सावकाश, एका लयीत. दगडापाशी आल्यावर अडले. तिथे माळी पुढे आला, दगडाभोवती रेघ गोल कशी फिरवायची ते त्यानं एकदा करून दाखवलं आणि दाताळं परत यांच्या हातात दिलं. दोघे म्हातारे पंधरा-वीस मिनिटं त्या वाळूत होते आणि इतका वेळ साडू गप्प राहिलेले मी कधी बघितले नव्हते. काम झाल्यावर माळ्यानं उकिडवं बसून रेघा पाहिल्या, एक जराशी नीट केली आणि काहीतरी बोलला.

"म्हणत्यात, हात हलका हाय. तुम्ही कुठल्या बागेत हुतासा?" सुजानं सांगितलं.

"सांग, तालमीत हुतो म्हणावं."

सुजा बराच वेळ बोलली. माळी ऐकता ऐकता तीन-चारदा वाकला. साडू म्हणाले, "येवढ्याशाला येवढं काय सांगितलंस गं?"

"तुमच्याबद्दल सांगितलं, बाबा."

बागेबाहेरच्या बाकावर आम्ही भडंग खायला बसलो. साडू पायातली वाळू झाडत होते. सुजाच म्हणाली, "बाबा, आईनं तुम्हाला कशाला पाठवलंय ते मला ठाऊक हाय." पाच वर्षं जपानात काढूनही बापाशी बोलताना तिची भाषा पेठेतलीच होती. "मला हितं राहावं वाटतंय. पर तुम्ही ये म्हणालासा तर मी येतो. रडणार न्हाई, रुसणार न्हाई. येतो." एका शब्दाचं काम उरलं होतं. ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो ते समोर चालून आलं होतं, अक्काचा हुकूम होता, इचलकरंजीचे लोक थांबलेले होते आणि तो शब्द काढायला साडूंना कधी अडचण पडलेली नव्हती. मी खाली मान घालून भडंगातले शेंगदाणे निवडत बसलो.

"मगाशी त्या गड्याशी बोलत हुतीस न्हवं," साडू म्हणाले, "तवा मी तुझ्याकडं बघत हुतो. आपल्या घरात तू अशी कवाच बोलली न्हाईस." पायाला उरलेली वाळू झाडली. "मी बोलू दिलंच न्हाई म्हण. ऱ्हा हितं. झ्याक ऱ्हा." आणि मग कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून त्यांनी इतक्या मोठ्यांदा नाक शिंकरलं की तळ्याकाठचे लोक वळून बघायला लागले. सुजानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला त्या क्षणी या माणसाबद्दल जी माया वाटली ती आधीच्या वीस वर्षांत कधी वाटली नव्हती.

मुंबईहून सकाळच्या गाडीनं आम्ही कोल्हापूरला उतरलो आणि रिक्षानं थेट त्यांच्या घरी गेलो. अक्का दारातच उभी होती. तिनं रिक्षात वाकून बघितलं, मागे कुणी येतंय का तेही बघितलं. साडू बॅग घेऊन पायरीशी आले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले.

"पोरगी कुठाय?"

"हाय, तिथंच."

"यायला न्हाई म्हणली?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. राग पोरीवर गेला असता, आणि पोरगी हजारो मैलांवर होती. साडू म्हणाले, "न्हाई. ती येतो म्हणली हुती. मीच नको म्हणलो."

अक्का ओरडली नाही. "आन् मी? मला न्हाई इचारायचं?" एवढंच तिनं विचारलं. बॅग तशीच हातात, ते पायरीवर उभे. शेवटी अक्का माझ्याकडे वळली. "दाजी, तुम्ही खरं सांगा. बरी हाय न्हवं ती?"

मी म्हटलं, "बरी आहे, अक्का. छान आहे. तिकडं ती मोठ्यानं बोलते. दहा माणसांत उभी राहून बोलते, लोक ऐकतात तिचं."

"आमची सुजा?"

"आपलीच सुजा."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मग साडूंच्या हातातली बॅग काढून घेतली आणि म्हणाली, "उभं काय ऱ्हायलासा? आत या. पाय धुवा."

जेवायला बसल्यावर ती विचारायला लागली. तिथे सुजा सकाळी काय खाते, खोलीत ऊन येतं का, अंग दुखलं तर डॉक्टर जवळ आहे का, शेजारीण कशी आहे, पोरगी हसते का. विचारता विचारता आपल्याच आठवणी सांगायला लागली, सुजा तान्ही असतानाच्या, तिच्या शाळेच्या, तिच्या तापाच्या, ज्या त्या घरात मी इतक्या वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या. साडू खाली मान घालून जेवत होते. तिनं विचारलेल्याला मान हलवत होते, आणि ती थांबली की वर बघत होते, पुढचं ऐकायला. मी निघालो तेव्हा त्यांच्या ताटातला भात निवून गेला होता आणि अक्का अजून बोलतच होती.